तिसरा रकाना

रात्री नऊनंतर आमच्या काकांना 'व्ह' म्हणता येत नाही. कवळी पेल्यात गेलेली असते. इंग्रजी व्ही काढायचा तर वरचे दात खालच्या ओठावर टेकवावे लागतात, आणि काकांचे वरचे दात त्या वेळी ओट्यावर, पाण्यात. त्यामुळे व्ही असलेले शब्द ते दिवेलागणीच्या आत उरकून घेतात. नेमका 'व्होकॅब्युलरी' हा त्यांचा लाडका शब्दही त्यातच मोडतो. रात्री साडेनऊला फोन केला तर "वोकॅब्युलरी कशी चाललीय तुझी?" असं विचारतात आणि लगेच ओशाळून म्हणतात, "सकाळी नीट म्हणतो."

काका कराडला असतात. एसटीत 31 वर्षं नोकरी झाली. त्यातली 20 वर्षं कंडक्टर आणि शेवटची 11 स्टँडवर कंट्रोलर, म्हणजे फळीवरच्या रजिस्टरात गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि माइकवर पुकारा करायचा. सगळं वेड त्या माइकपासून सुरू झालं. कंडक्टरकीत माणूस दिवसभर ओरडतो, पण आपला आवाज त्याला ऐकू येत नाही. माइकवर बोललेलं पलीकडच्या कर्ण्यातून अर्ध्या सेकंदानं परत येतं. काकांनी पहिल्यांदाच स्वतःचा 'एक्स्प्रेस' ऐकला आणि त्यांना तो आवडला नाही. पुढच्या सुट्टीला ते पुण्याला गेले, अप्पा बळवंत चौकातून ऑक्सफर्डची जाड डिक्शनरी आणि फुटपाथवरून नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' घेऊन आले. काकी त्यांच्याबरोबर परकर घ्यायला गेली होती. पैसे डिक्शनरीत संपले. हे काकीनं अजून सोडलेलं नाही.

तेव्हापासून वही आहे. फुलस्केप, पुठ्ठ्याची, दोनशे पानी. अशा चार भरल्या, पाचवी चालू आहे. प्रत्येक पानावर लाल बॉलपेननं आखलेले तीन रकाने: शब्द, अर्थ, उच्चार. पहिले दोन अरुंद, तिसरा निम्मं पान खाणारा. अर्थ काय, डिक्शनरीत आयता मिळतो; उच्चार माणसाला स्वतः कमवावा लागतो, असं काकांचं म्हणणं. हा रकाना सगळा देवनागरीत आहे, पण देवनागरीला काकांनी ओव्हरटाइम लावलाय. जीभ दातांत धरायची असेल तिथं 'थ'च्या डोक्यावर एक बारीक दात काढलेला. ओठांचा चंबू करायचा तिथं 'व'च्या पोटात टिंब. आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरला जाणारा जो स्वर, 'अबाउट'मधला तो पुसट अ, त्यासाठी काका पाय मोडलेला 'अ' काढतात. त्याला ते 'अर्धमेला' म्हणतात. "ह्या भाषेत निम्मे स्वर अर्धमेलेच असतात रे. आपण उगीच सगळ्यांना धडधाकट उच्चारतो नि दमतो."

चौथ्या रकान्याची सोय नसल्यानं शेरे समासात आहेत. दुसऱ्या वहीत एके ठिकाणी 'आयल' हा शब्द आहे: बसमध्ये दोन्हीकडच्या बाकांमधली वाट. स्पेलिंगमध्ये एस आहे, तो बोलायचा नाही. समासात बारीक अक्षरात लिहिलंय, "20 वर्षं ह्या वाटेत उभा होतो. नाव आज कळलं."

उच्चाराचा सराव पहाटे, न्हाणीतल्या आरशासमोर. 'थ्री थिन थीव्ह्ज' हा त्यांचा रोजचा पाठ. त्यात जीभ तीनदा दातांबाहेर येते, आणि शेवटी व्हीसाठी चटकन आत घेऊन ओठ चावावा लागतो. एकदा तिसऱ्या चोराला कवळी सटकून बेसिनमध्ये पडली आणि टवका उडाला. काकी बाहेरून म्हणाली, "आधी दात सांभाळा. चोर मग धरा." टवका अजून आहे, आणि त्यामुळे काकांच्या 'थ'मधून थोडी जादा हवा येते. ती अस्सल ब्रिटिश असल्याचा त्यांचा समज आहे.

आघाताचा शोध त्यांना बराच उशिरा लागला. डिक्शनरीत शब्दाच्या उच्चारात एक बारीक उभी रेघ असते. काकांना ती बरीच वर्षं छपाईतली चूक वाटत होती. ती आघाताची खूण आहे असं कळलं तेव्हा त्यांनी चारही वह्या पुन्हा काढल्या आणि साडेतीन हजार शब्दांना रेघा मारल्या. दीड महिना लागला. मला समजावताना म्हणाले, "हे बघ, आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांना सारखं वाढतो. पंगतीत बसवल्यासारखं. इंग्रज एकालाच तूप वाढतो नि बाकीच्यांना म्हणतो, उरका." आणि तूपही ठरावीक पानावर पडत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये ते पहिल्या पानावर पडतं, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्या आणि 'फोटोग्रॅफिक'मध्ये तिसऱ्या. हे दाखवायला काकांनी ताटातल्या वाटीवर चमचा वाजवला. आता जेवताना ते मोठा शब्द वापरणार असले की आधी चमचा उचलतात, आणि काकी आमटीची वाटी आपल्याकडे ओढून घेते.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. बाहेर निघाल्यावर पंचाईत होते.

गेल्या पावसाळ्यात मोरीचा पाइप फुटला. काकांनी दुकानात फोन लावला. "प्लमर पाहिजे." पलीकडून विचारलं, "कोन पाहिजे?" "प्लमर." "पामर? असं कोन नाही हितं." काकांनी सावकाश, चमचा नसल्यानं भिंतीवर बोट वाजवून, पुन्हा सांगितलं. पलीकडचा म्हणाला, "काका, हितं प्लंबर असतो," आणि फोन ठेवला. मोरीतून पाणी पार उंबऱ्यापर्यंत आलं तसा काकीनं फोन घेतला, "अरे, पाइप फुटलाय, ये लवकर," एवढंच म्हणाली, नि पंधरा मिनिटांत पोरगा पाना घेऊन हजर. तो वाकून काम करत असताना काकांनी त्याला त्याच्याच धंद्याचं मूळ सांगितलं: लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात, पूर्वी नळ शिशाचे असत, म्हणून हे नाव, ते बी लॅटिनच्या आठवणीसाठी ठेवलंय, तोंडानं म्हणायचं नाही. "लक्षात आलं का? तुझ्यातला बी सायलेंट आहे."

पोरगा पाना फिरवत म्हणाला, "आमच्यात कोन बी सायलेंट न्हाई, काका."

मुक्या अक्षरांबद्दल काकांना विशेष माया आहे. 'डेट' म्हणजे कर्ज आणि 'डाउट' म्हणजे शंका, या दोन्ही शब्दांत आधी बी नव्हताच. मूळ लॅटिन शब्दांत तो आहे, एवढ्यासाठी पंडितांनी मागाहून आणून बसवला. 'आयलंड'मधल्या एसला तर तेवढंही कारण नाही. तो दुसऱ्याच एका शब्दाशी गल्लत होऊन घुसला आणि राहिला. काका म्हणतात, ही अक्षरं देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी. कोणत्या पणज्याचा टाक हे कुणाला सांगता येत नाही, पण सणाला आंघोळ घालायची आणि पुन्हा मांडायचे. मला हे पटतं. मी शाळेत 'वेडनेसडे' असं घोकूनच बुधवारचं स्पेलिंग पाठ केलं होतं, आणि अजून चेकवर तारीख टाकताना मनातल्या मनात तेच म्हणतो.

नोकरीत असताना काकांनी हा साठा एकदाच जाहीर वापरला. स्टँडवर एक म्हातारी चुकली होती. ऐंशीच्या पुढची, हातात पिशवी, सोबतचं माणूस गर्दीत कुठं तरी. काकांच्या वहीत त्याच आठवड्यात 'ऑक्टोजेनेरियन' आला होता. त्यांनी पुकारलं, "एक ऑक्टोजेनेरियन आजी चौकशी खिडकीजवळ बसल्या आहेत, नातेवाइकांनी घेऊन जावे." तीनदा पुकारलं. कुणी फिरकलं नाही. म्हातारीचा मात्र धीर सुटला. "काय झालंय रं मला? माइकवर काय सांगितलंस?" शेवटी दुसऱ्या कंट्रोलरनं माइक हातात घेतला, "मसूरच्या आजी," एवढंच म्हणाला, आणि पाच नंबरच्या फलाटावरून नातू धावत आला. काका तो शब्द पुन्हा कधी बोलले नाहीत. वहीत मात्र त्याच्यापुढं टिकमार्क आहे. टिकमार्क म्हणजे 'प्रत्यक्ष वापरला'.

चारही वह्यांत मिळून असे टिकमार्क मी मोजले. सव्वीस भरले.

आणि फलाट. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की फलाट म्हणजे प्लॅटफॉर्मच. मराठीच्या तोंडात पडून गुळगुळीत झालेला. काका त्या दिवशी जेवले नाहीत. "11 वर्षं माइकवरून दिवसाला शंभरदा फलाट म्हणत होतो. म्हणजे इंग्रजीच बोलत होतो की! आणि मला वाटायचं, मला येत नाही." मग त्यांनी असे शब्द हुडकायचा सपाटा लावला. ऑर्डर्लीचा अर्दली, रिक्रूटचा रंगरूट. यातून त्यांचा एक सिद्धान्त तयार झाला, आणि तो मला काकांच्या एकूण साठ्यातला सगळ्यात मोलाचा माल वाटतो. तो असा: ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी इंग्रजी कानानं घेतलं, म्हणून त्यांचा शब्द मोडका झाला तरी जिवंत राहिला. आपण शिकलेल्यांनी डोळ्यानं घेतलं, म्हणून मुकी अक्षरंसुद्धा बोलत बसलो. पलटणीतल्या शिपायानं साहेबाच्या तोंडून ऐकलं 'लेफ्टनंट', 'कर्नल', आणि तसंच घरी आणलं. स्पेलिंग वाचून ते कुणाच्या बापालाही साधलं नसतं, कारण लेफ्टनंटमध्ये एफ नाही आणि कर्नलमध्ये आर नाही.

या सिद्धान्ताचा चालताबोलता पुरावा म्हणजे काकी. तिचं माहेर अपशिंगे मिलिटरी, जिथं घराघरातनं फौजेत माणूस. तिचे वडील सुभेदार होते. काकी शाळेत सातवीपर्यंत गेली, पण 'लेफ्टनंट' तिच्या तोंडून असा येतो की बीबीसीनं ऐकत राहावं. पुण्याहून सुट्टीला आलेली नात एकदा म्हणाली, "आजी, लूटेनंट असतं ते." तिनं ते कुठल्या तरी अमेरिकन मालिकेत ऐकलेलं. काका लगबगीनं डिक्शनरी आणायला उठले, कारण दोन्ही बरोबर असतात, एक तिकडचं आणि एक इकडचं. तोवर काकीनं निकाल दिला होता. "माझे वडील लेफ्टनंटच म्हणायचे नि त्याला सलामही ठोकायचे. तुझ्या टीव्हीवाल्यानं ठोकलाय का कुणाला?"

नॉर्मन लुईसनं मात्र काकांचं नुकसान केलं असं मला वाटतं. त्या पुस्तकात सुरुवातीलाच माणसांचे प्रकार दिलेत: स्वतःचं पाहणारा, स्वतःबद्दल बोलणारा, लोकांसाठी झिजणारा, माणूसघाणा. पुढं खोटं बोलणाऱ्यांचा एक सबंध धडा आहे. काकांनी सगळे नातेवाईक त्यात बसवून टाकले. माझं लग्न लांबलं तेव्हा मी 'मिसॉगमिस्ट' होतो, लग्नाचा तिटकारा असलेला. आणि हे त्यांनी मुलीकडच्यांना, बघायच्या कार्यक्रमात, अभिमानानं सांगितलं. मुलीच्या वडिलांना वाटलं, ही डिग्री आहे. "किती वर्षांचा कोर्स असतो?" असं त्यांनी विचारलं. ते लग्न जमलं नाही, पण त्या शब्दापुढं टिकमार्क आहे.

डिक्शनरीबद्दल मात्र त्यांना गुरुभाव आहे. हॉर्नबी नावाच्या ज्या गृहस्थानं ती मूळची केली, तो जपानात शिकवत होता, आणि तिचा पहिला अवतार 1942 साली जपानातच छापला गेला, हे कळल्यावर काकांचा संकोच गेला. "बघ, साहेबानं ही साहेबासाठी केलेलीच नाही. ज्याला येत नाही त्याच्यासाठी केलीय." पण खरा हिशेब त्यांनी मांडलाय तो मोल्सवर्थशी. मोल्सवर्थ साहेब इथं येऊन मराठी शब्द गोळा करून गेला. 1831 साली कोश छापला, 1857 ची दुसरी आवृत्ती तर साठेक हजार शब्दांची. काका म्हणतात, "तो आपले साठ हजार घेऊन गेला. मी एकटा माणूस, साडेतीन हजार परत आणले. बाकी पुढच्यांनी बघावं."

या पुढच्यांतलीच ती नात. बारा वर्षांची, इंग्रजी माध्यमाची. ती सकाळपासून रात्रीपर्यंत इंग्रजी बोलते. काकांच्या मते तीनशे शब्दांत. ज्याला नाव ठाऊक नाही ते 'स्टफ', ज्याला उत्तर नाही ते 'व्हॉटेव्हर', आणि प्रत्येक वाक्यात मीठ म्हणून 'लिटरली'. गेल्या दिवाळीत काकांनी तिला पोटभर ऐकवलं की तुझी शब्दसंपत्ती म्हणजे महिनाअखेरचं पाकीट आहे. तिनं चकली खात शांतपणे विचारलं, "आजोबा, तुम्हाला साडेतीन हजार वर्ड्स येतात ना? मग बोला ना माझ्याशी इंग्लिशमध्ये. काहीपण."

काका ताठ बसले. कवळी नीट केली. चमचा हातात घेतला. आम्ही सगळे थांबलो. काकीनं गॅस बारीक केला. त्यांच्या चेहऱ्यावरून चार वह्या भराभर उलटताना दिसत होत्या: मॅग्नॅनिमस, परस्पिकेशस, ऑक्टोजेनेरियन. ओठ हलले, दात खालच्या ओठावर टेकले, पुन्हा उचलले.

"व्हॉट इज युवर गुड नेम?" काका म्हणाले.

उच्चार निर्दोष होता. 'व्हॉट'च्या सुरुवातीला ओठांचा चंबूसुद्धा झाला होता. नातीनं सरळ आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि "नाइस टू मीट यू" म्हणून हात पुढं केला. काकांनी तो हातात घेतला. पोरगी चांगली आहे.

त्याच रात्री, त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना म्हणून, मी त्यांना मुंगसाची गोष्ट सांगितली. इंग्रजी 'मॉंगूस' हा शब्द आपल्या 'मुंगूस'वरूनच गेलाय. सतराव्या शतकाच्या शेवटाला तिकडे पोचला. मोठ्या कोशांत पुढं चक्क 'मराठी' असं लिहिलेलं असतं. ही माझी चूक. पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. दूधवाल्याला, पोस्टमनला, पाइपवाल्या पोराला, सगळ्यांना सांगून झालं. नव्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी 'येणे बाकी' असं शीर्षक घालून खाली पहिली नोंद केली. काकीनं विचारलं, "मग काय मिळायचंय का त्याचं?" काका म्हणाले, "व्याज धर सव्वातीनशे वर्षांचं."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला, परसात शेवग्याखाली विटांचा ढीग आहे तिथून मुंगूस निघालं. मागं दुसरं. मग एक पिल्लू. नात ओरडली, "आजोबा, लुक! मॉंगीस!"

"मॉंगूसिझ," काका चहाचा कप ठेवत म्हणाले.

"गूसचं गीस होतं ना? मग मॉंगूसचं मॉंगीस."

"गूस त्यांचं आहे. मॉंगूस आपलं आहे. आपल्याला तो नियम नाही."

"हू सेज?"

"सेज नाही, सेझ. थांब, दाखवतो." आणि काका आत गेले. चष्मा टेबलावर नव्हता, फळीवर होता. डिक्शनरी खालच्या कप्प्यात, दिवाळीच्या डब्यांमागं. एम काढला, मग एमओ. आम्ही परसात श्वास रोखून उभे. काकीनं पदर खोचला, दोन पावलं पुढं गेली आणि लहानपणी सगळे घालतात तशी मुंगसाला रामाची शपथ घातली. पुढचं मुंगूस विटेवर चढलं, मान वळवून तिच्याकडं बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि तिघंही कुंपणाच्या निवडुंगात शिरली.

काका बाहेर आले तेव्हा डिक्शनरी छातीशी उघडी होती आणि बोट नेमक्या ओळीवर. "मॉंगूसिझ," त्यांनी विटांकडे बघत खणखणीत वाचलं. तूप पहिल्याच पानावर पडलं होतं, अगदी बरोबर. मग त्यांनी चष्म्यावरून परसात पाहिलं.

"कुठं गेली?"

"गेली की," काकी म्हणाली. "दोनदा तोंड दाखवलं त्यानं. तुम्ही आत अनेकवचन आणायला गेला होतात तेव्हा."